चुंबकाला न चिकटलेला स्टेंट

मित्रांनो, मी एक स्टेंट आहे. स्वतःला जुना म्हणवून घ्यायला मला फार आवडलं असतं, पण मला बसवून अजून दुसरी दिवाळी यायची आहे आणि एवढ्यातच मी गाडला जाऊ लागलो आहे. म्हणून घाईने बोलतो. वाक्यं तुटली तर सांभाळून घ्या.

तुमच्या पेनात रिफिलवर एक बारीक स्प्रिंग असते ना, साधारण तसा मी दिसतो. फरक एवढाच, की ती स्प्रिंग हरवली तर पेन टिकटिक करायचं थांबतं. माझं बिनसलं तर आकाराम थांबेल.

आकाराम म्हणजे ज्याच्या छातीत मी राहतो तो माणूस. त्याच्याकडे येण्याआधी मी एक काडीएवढी धातूची नळी होतो. लेझरने माझी जाळी कापली, अंगावर औषधाचा लेप दिला आणि मला एका लांबट फुग्यावर घट्ट आवळून बसवलं. जन्मल्यापासून फुग्यावर बसून होतो, पण एकाही वाढदिवसाला गेलो नाही. थेट मिरजेच्या दवाखान्यात आलो.

तिथे आकारामच्या मनगटातून मला आत सोडलं. त्याच्या हृदयाला रक्त नेणारी एक नळी चरबीच्या गाळाने तुंबली होती. फुगा फुगला, मी उघडलो, गाळ भिंतीत दाबला गेला, रक्त धावलं. फुगा निघून गेला आणि मी तिथेच राहिलो. कायमचा. आत मिट्ट अंधार आहे. दिसत काही नाही, पण छातीच्या आत असल्यामुळे ऐकू सगळं येतं.

आता आकारामची चूक सांगतो. ही चूक करायला माणूस आटपाडीकडचाच लागतो. तिकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनारांकडचं मोडकं-तोडकं सोनं आणि दुकानातला केर वितळवून त्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. आकारामने उभी हयात कोइमतूरला भट्टीपुढे काढली. आता दुकान मुलगा बघतो आणि हा गावी डाळिंबं लावतो. पण जगात धातू सोडून दुसरं काही असतं यावर त्याचा आजही विश्वास नाही.

खाटेवर आणून ठेवल्या ठेवल्या त्याने विचारलं, "म्याडम, धातू कंचा घातलाय?"

"कोबाल्ट-क्रोमियम," डॉक्टर म्हणाल्या.

"गंजतो का?"

"नाही गंजत. पण काका, नळी आतून पुन्हा भरू शकते. साखरेची गोळी, चरबीची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, यातली एकही—"

"गंजत न्हाई म्हनल्यावर विषयच मिटला की!"

विषय तिथेच मिटला.

गावी आल्यावर त्याचा शेजारी लालासाहेब मला बघायला आला. मी दिसत नाही म्हटल्यावर त्याने घरून चुंबक आणलं. गलाईवाले केरातला लोखंडाचा कीस चुंबकाने ओढून काढतात, ते चुंबक. ते त्याने आकारामच्या छातीवर सगळीकडे फिरवलं. मी चिकटलो नाही.

"लय शुद्ध माल हाय गड्या!" लालासाहेब ओरडला. "तू आता आमच्या समद्यांच्या मागं राहतोस बघ."

चहा झाला, पेढे वाटले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा एकमेव सत्कार.

दुसऱ्या दिवसापासून आकारामने साखरेची आणि चरबीची गोळी बंद केली. रक्त पातळ ठेवायची गोळी तेवढी चालू राहिली, कारण ती राहीबाई, म्हणजे त्याची बायको, सकाळी चहाआधी स्वतः हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. त्या गोळीमुळे माझ्यावर गुठळी धरली नाही. राहीबाईचे हे उपकार मी कुणापुढे बोलून दाखवू?

पण मला गाडलं ते गंजाने नाही, गुठळीनेही नाही. आकारामच्याच मांसाने. फुगा फुगला तेव्हा नळीच्या भिंतीला आतून जखम झाली होती. जखम झाली की ती भरायची, एवढंच शरीराला ठाऊक. भिंतीतल्या पेशी आल्या आणि मला लिंपू लागल्या. पातळ एक थर हवाच असतो, त्याने उघडा धातू झाकला जातो. माझ्या अंगावरचं औषध त्यांना सांगत होतं, बायांनो, जरा दमानं. काही महिन्यांत ते औषध संपलं. पेशी थांबल्या नाहीत. थरावर थर, थरावर थर. लग्नाचा मांडव उतरवला तरी पाहुणे पंगतीत बसलेलेच, तशी गत. त्यात रक्तातली साखर वाढलेली, म्हणजे पाहुण्यांना रोज गोडधोड. चरबी आली ती त्यांच्याच मांडीवर बसली. खरं सांगायचं तर सगळ्या गोळ्या घेऊनही हे कधी कधी होतं. पण आकारामने त्यांना आग्रह करकरून वाढलं.

मी कुणाला हाक मारू? मला तोंड नाही. म्हणजे जाळीला सगळी तोंडंच असतात, पण माझी सगळी बुजली.

शेवटी हृदयच बोललं. आकाराम बागेतून घराकडे चढ चढायला लागला की छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. तो थांबायचा. पाटा उतरायचा. तो चालायचा. मला वाटायचं, आता सांगेल. आता तरी सांगेल.

"पित्त झालंय," तो लालासाहेबाला म्हणाला.

"मग सोडा पी की."

तो सोडा प्याला. मित्रांनो, सोडा पोटात जातो. मी पोटात नाही.

मग त्याचं चढणं कमी कमी होत गेलं. आधी वरच्या वळणावर थांबायचा, मग मध्यावर, आणि आज सकाळी खालीच. माझ्यातून रक्त धाग्यासारखं जात होतं. मागून राहीबाई आली.

"आवं, काय बघतासा?"

"डाळिंबं."

"कशी हायेत?"

"लय झ्याक धरल्यात."

राहीबाई त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बहार धरायला परवाच पानगळ केलीया. झाडाला पान न्हाई, डाळिंब कुठलं आलं? कवापास्नं दुखतंय, खरं सांगा."

तो जमिनीवर बसला. "लय दिस झालं गं," म्हणाला, आणि माझ्याभोवतीचं ते हृदय रडल्यासारखं धडधडलं.

आता आम्ही लालासाहेबाच्या जीपमध्ये आहोत. मिरज अजून लांब आहे.

"गॅस असंल, वैनी," लालासाहेब म्हणतोय. "तासगावात एक सोडा घिऊ."

"सोडा तुमी प्या, भावजी. गाडी थांबवू नगा."

पोहोचलो तर पुन्हा फुगा येईल, नाहीतर माझ्या आत दुसरा स्टेंट बसवतील. माझी तयारी आहे. त्याच्यासाठी मी स्वतःला भिंतीत आणखी दाबून घेईन, तक्रार करणार नाही. फक्त पोहोचायला हवं. पाटा आता उतरत नाही. आकारामचा श्वास मला जवळून ऐकू येतो आहे आणि राहीबाईचा तळहात त्याच्या छातीवर, बरोबर माझ्यावर आहे. चुंबक फिरवलं होतं तिथेच.

मित्रांनो, माझं जे व्हायचं ते होईल. तुम्ही एवढंच करा. घरातलं मोठं माणूस चढावर बोडक्या झाडाकडे बघत थांबलं, तर झाडाकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. ते "पित्त असंल" म्हणालं, तर ऐकू नका. मी आतून सांगतो आहे, ते पित्त नाही.