बाणासमोर बाण

माझ्या मोठ्या दिरांच्या मते गाडी बायकांच्या हाताखाली टिकत नाही. हे मत त्यांनी माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत माझ्या नवऱ्याला ऐकवलं, आणि मी तिथेच उभी होते. वर्षभरात आमच्या पिकअपच्या शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणाऱ्या दांड्याचा, सांध्यातला क्रॉस तिसऱ्यांदा गेला होता. क्लच दाणकन सोडते ती, असं त्यांचं निदान. सोमवारपासून पगारी ड्रायव्हर ठेवा, माणूस मी बघून ठेवलाय, असा त्यावर उपायही त्यांनी तयार आणला होता.

आमची लॉन्ड्री आहे. दवाखान्यांच्या आणि लॉजच्या चादरी आम्ही धुतो. यंत्रं हे सांभाळतात, गाडी मी. नऊ वर्षं मी रविवार सोडून रोज सकाळी सहाला गाडी काढते, अकरा ठिकाणी धुतलेले गठ्ठे टाकते, मळलेले उचलते आणि दहाच्या आत परत येते. त्या चार तासांत मला कुणी काही सांगत नाही आणि कुणी काही मागत नाही. दिवसाचे बाकीचे तास घराचे, ते चार माझे. तेच आता जाणार होते, आणि नुसते नाही, माझ्या कपाळी शिक्का मारून जाणार होते.

"दादा म्हणतोय तर..." हे म्हणाले आणि थांबले. आमच्या ह्यांची अर्धी वाक्यं दादापाशी येऊन संपतात.

मी सांगून टाकलं की गाडी यावेळी त्यांच्या गॅरेजला जाणार नाही. क्रॉस मी बदलणार, रविवारी, इथे अंगणात. दीर हसले. कर की, म्हणाले. चार वाजता ड्रायव्हरला घेऊन येतो, सुटे भाग गोळा करायला चार हात लागतीलच.

आता एक गोष्ट, जी सासरी कुणी काढत नाही. लग्नाआधी मी चार वर्षं कारखान्यात फिटर होते. सासूबाई लोकांना "ऑफिसात होती" असं सांगतात. माझी हत्यारांची पेटी आणि वस्तू जबड्यात धरून आवळायचा वाईस मी लग्नानंतर इथे आणला. मागच्या ओट्यावर बसवलेल्या त्या वाईसमध्ये सासूबाई पंधरा वर्षं अक्रोड फोडतात. फुटतातही छान. घरात मिस्त्री असताना सुनेने गाडीखाली शिरायचं नाही, असं कधीतरी ठरलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नाही, पण मी ते पाळलं, ही चूक मात्र माझीच.

रविवारी गाडी सपाट फरशीवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले. मागून जॅकने उचलली आणि खाली दोन लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस फार दिवस फिटर राहत नाही. हे हातोडा घेऊन आले. दादाच्या गॅरेजमध्ये त्यांनी हेच बघितलं होतं, की क्रॉस म्हणजे ठोकाठोक. मी हातोडा परत पाठवला आणि पांढऱ्या रंगाची बाटली मागितली.

बोल्ट सोडायच्या आधी जोडावर खूण करायची असते, म्हणजे शाफ्ट परत तसाच्या तसा बसतो. माझे दीर कधीच खूण करत नाहीत. खूण नवशिक्याला लागते, उस्तादाला नजर पुरते, हे वाक्य गॅरेजमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी नवशिकी तर नवशिकी. खुणा केल्या, चार बोल्ट सोडले, यांना शाफ्ट खालून धरायला लावला आणि आम्ही दोघांनी तो बाहेर काढून फरशीवर आडवा ठेवला.

आडवा ठेवल्यावर मला तो वाकडा दिसला. शाफ्ट सरळच होता, टोकं वाकडी होती. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरायला दोन-दोन कान असतात. एका टोकाचे कान जमिनीवर सपाट झोपले असतील, तर दुसऱ्याचेही तसेच झोपायला हवेत. आमचे एका बाजूला झोपलेले आणि दुसऱ्या बाजूला मान वर काढून बसलेले. मी केरोसीनमध्ये फडकं बुडवलं आणि मधला जोड पुसायला घेतला, जिथे दातेरी दांडा बाहीत सरकतो. वर्षाचं ग्रीस आणि माती निघाली आणि खालून दोन बाण निघाले, एक दांड्यावर, एक बाहीवर. कारखान्यातूनच ठोकून आलेले. ते समोरासमोर ठेवायचे असतात, म्हणजे कान एका रेषेत राहतात. आमचे दोन दात चुकले होते.

गेल्या वर्षी दिरांनी हा शाफ्ट मधून सोडून बेअरिंग बदललं होतं. नजरेने. त्याआधीच्या आठ वर्षांत क्रॉस एकदाच गेला होता. त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट हिसका देत होता आणि तो हिसका क्रॉस खात होता. दर वेळी दीर नवा क्रॉस ठोकायचे आणि माझ्या पायाला नावं ठेवायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

मला आधी राग आला आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. कारण मी त्यांचं खरं मानलं होतं. वर्षभर क्लच सोडताना जीव मुठीत धरत होते, प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या पायाकडे बघत होते. हे काहीतरी बोलायला लागले, मी म्हटलं, आत्ता नको, मोबाइल आणा आणि बाणांचा फोटो काढा. त्यांनी चार काढले.

मग कामाला लागले. क्लिपा काढायची पक्कड पेटीत होती, नट सोडायच्या दोन पोकळ गोट्या होत्या, एक क्रॉसच्या टोकांवरच्या कपापेक्षा लहान, एक मोठी. शाफ्टचं टोक वाईसमध्ये धरलं, एका बाजूने लहान गोटी, दुसऱ्या बाजूने मोठी, आणि वाईसचा दांडा हळूहळू आवळत गेले. लहान गोटीने क्रॉस ढकलला आणि पलीकडचा कप अलगद मोठ्या गोटीत उतरला. सासूबाई अक्रोडाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

"आवाज नाही झाला," त्या म्हणाल्या.

आवाज करायचा नसतोच, मी म्हटलं. त्या वाटी घेऊन पायरीवर बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. नव्या क्रॉसच्या कपात सुईएवढ्या सळ्या ग्रीसने चिकटवून बसवल्या, एकही पडू दिली नाही, तसाच दाबून आत घेतला, क्लिपा लावल्या. बाणासमोर बाण आणला. कान एका रेषेत झोपले. तीन वाजता शाफ्ट गाडीखाली होता आणि बोल्ट आवळलेले.

चारला दीर आले, बरोबर ड्रायव्हर. साधा, कमी बोलणारा माणूस. मी चावी कुणाकडे दिली नाही, सगळ्यांना बसा म्हटलं. गोदामांमागचा रस्ता रविवारी मोकळा असतो. वर्षभर चाळीसच्या पुढे गेलं की पायाखालचा पत्रा थरथरायचा आणि गियरची दांडी दातओठ खायची. मी पन्नास केले, साठ केले. दांडी गप्प होती. ड्रायव्हरने तिच्यावर हात ठेवून बघितला आणि काढून घेतला.

नवा क्रॉस टाकला की आठ दिवस सगळ्याच गाड्या शहाण्यासारख्या वागतात, असं दीर मागून म्हणाले. मी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. ड्रायव्हरने खांद्यावरून वाकून बघितलं.

"उस्ताद, हे दोन दात चुकलेत," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "माझं इथे काम दिसत नाही, बाई." तो तिथेच उतरून चालत गेला.

घरी आल्यावर दीर निघतील असं मला वाटलं होतं. ते ओसरीत बसून राहिले. चहा आला, त्याला त्यांनी हात लावला नाही. मग म्हणाले की बेकरीवाल्याच्या गाडीचा शाफ्टही त्यांनीच असा सोडून जोडला होता. तिचेही क्रॉस जातात. बेकरीच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचा हात जड झाला, असं त्यांनीच मालकाला सांगितलं होतं, आणि मालकाने त्याला गाडीवरून काढून पावाच्या पाट्या उचलायला लावलं होतं.

"पुढच्या रविवारी गॅरेजला येशील का?" ते म्हणाले. "शटर खाली करून गुपचूप करून टाकू."

"येईन," मी म्हटलं. "आधी त्या म्हाताऱ्याला फोन करा. आत्ता, इथे बसून."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी यावेळी वाक्य सुरूच केलं नाही. दिरांनी फोन लावला. पलीकडे म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं, कारण त्यांना ते दोनदा मोठ्याने सांगावं लागलं, की तुमच्या हाताचा दोष नव्हता, चूक माझी होती, उद्या तुमच्या मालकालाही सांगतो. मग फोन खिशात ठेवून ते उठायला लागले.

"एक राहिलं, भाऊजी," मी म्हटलं.

त्यांना कळलं. त्यांनी आईकडे बघितलं.

"बोल की रे," सासूबाई म्हणाल्या. "चहा निवतोय."

"तुझ्या पायाचा दोष नव्हता," ते फरशीकडे बघत म्हणाले.

"आणि चूक?"

"माझी."

रविवारी नऊला येते, मी सांगितलं. शटर पूर्ण वर ठेवा.