चिंचेच्या देवळातली भिंत

कुलूप काढून दार ढकललं आणि न्वे यीला वाटलं, आपण भलत्याच देवळात शिरलो.

तिने चक्क मागे वळून पाहिलं. चिंच जागेवर होती. चिंचेखाली घोडागाडी उभी होती. पलीकडे तिळाच्या वावरातून नेहमीचे चार-पाच विटकरी कळस डोकावत होते. किल्ली तर तिच्याच हातात होती, आजोबांपासून घरातल्या खुंटीला टांगलेली. म्हणजे देऊळ तेच. मग आत हे काय? मूर्तीमागची भिंत, उत्तरेची भिंत, कमानी, कोनाडे, छताचा घुमट, सगळं पांढरं फटक! नुसता चुना. ओल्या चुन्याचा वास अजून नाकात जात होता.

"काय? कशी वाटली गंमत?" मागून आई म्हणाली.

तर असा प्रकार होता. काल संध्याकाळी न्वे यी पखोक्कूहून लेकीचं बाळंतपण उरकून बारा दिवसांनी मिन्ननथू गावात परतली, तेव्हापासून आई गालातल्या गालात हसत होती. "काय झालं गं?" म्हटलं तर "उद्या बघशील." सकाळी उठून पाहते तो म्हातारी ठेवणीतली रेशमी लुंगी नेसून, गालांवर थनखाच्या सालीचा लेप चोळून, अंबाड्यात फुलं माळून घोडागाडीत बसलेली! शहात्तर वर्षांच्या दॉ फ्वा टिनबाईंना इतकं नटलेलं न्वे यीने वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं हो.

"बोल की! दातखीळ बसली का?"

 न्वे यीने दाराची चौकट धरली. आणि तेवढ्यात तिला आठवलं की आपल्याबरोबर तिसरं माणूसही आहे.

दॉ ओन ची मंडालेहून आल्या होत्या. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई, सगळे त्यांना सयामा, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणत. पस्तीस वर्षांपूर्वी, अगदी तरुण असताना, त्या याच देवळात आठ दिवस मांडी ठोकून बसल्या होत्या. उत्तरेच्या भिंतीवरची चित्रं उतरवून घेत होत्या, आणि न्वे यीचे वडील, ऊ बो थीन, त्यांना दिवा धरत होते. आता गुडघे गेलेत, एकदा शेवटचं बघून घेते, असं त्यांनी पत्र टाकलं होतं. न्वे यीने उलट टपाली कळवलं होतं: भिंत जशीच्या तशी आहे, या.

सयामा चपला काढून आत आल्या. उत्तरेच्या भिंतीपाशी गेल्या. मग दक्षिणेच्या. मग पुन्हा उत्तरेच्या. हरवलेली वस्तू माणूस जिथे ठेवली तिथेच पुन्हा पुन्हा शोधतं, तशा त्या फिरत होत्या.

"कुठे गेली?" त्या हळूच म्हणाल्या. "न्वे यी, होडी कुठे आहे?"

त्या भिंतीवर एक होडी होती. होडीत सात माणसं, आणि शेवटी बसलेली एक बाई पाण्यात हात सोडून मागे बघत होती. ती कुणाकडे बघत होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी न्वे यी रोज तिच्याशी बोलायची. वडील पाहुण्यांना बाकी सगळी चित्रं दाखवून झाली की अगदी शेवटी त्या बाईवर दिवा न्यायचे, आणि एक शब्द बोलायचे नाहीत.

"होडी ना? होती काहीतरी तसलीच," आई उत्साहात म्हणाली. "अहो सयामा, काय अवस्था होती इथली! माझे डोळे म्हणजे दहा वर्षं नुसतं धुकं. ह्या पोरीने विहारातल्या शिबिरात नेऊन मोतीबिंदू काढून घेतले. पट्टी सुटली तशी म्हटलं, आधी मला देवळात ने. आले, आणि बघते तर, शी! भिंती काजळीने काळ्या. वटवाघळांनी घाण केलेली. रंगाचे पोपडे निघालेले, कुणाला डोकं नाही, कुणाला पाय नाही. भगवंत असल्या घरात बसलेत! आणि मी इथली सून! लाजेने मेले मी. त्याच दिवशी ठरवलं."

"मला का नाही विचारलंस?" न्वे यीच्या तोंडून एकदाचा आवाज फुटला.

"विचारलं असतं तर तू मला हात लावू दिला असतास? म्हणाली असतीस, आई, तुझं वय काय, शिडीवर काय चढतेस. म्हणून तू जायची वाट बघत होते." म्हातारी खुदकन हसली. "खर्चाला कानातल्या कुड्या मोडल्या बघ. आता तिकडे काय घालून जायच्यात?"

न्वे यीने आईच्या कानांकडे पाहिलं. नुसती भोकं होती. तिच्या ते कालपासून लक्षातही आलं नव्हतं.

तोवर सयामा भिंतीशी वाकल्या होत्या. नखाने चुन्याचा एक पापुद्रा त्यांनी अलगद उचलला. न्वे यीच्या मनात एकदम आशा आली. चुनाच तर आहे, धुता येईल, खरवडता येईल, मंडालेत या कामातली माणसं असतील. ती धावत जवळ गेली. सयामांनी आणखी थोडा चुना काढला. खाली करडा गिलावा होता आणि त्यावर आडवे-उभे ओरखडे. रंगाचा कणसुद्धा नव्हता.

"नखाने नाही हो निघायचा तो," आई कौतुकाने म्हणाली. "गावातल्या सान फेने आधी लोखंडी पत्र्याने सगळं खरवडून घेतलंय. तो आणि त्याचे दोन्ही जावई चार दिवस घासत होते. जुनं ठेवून वर चुना दिला तर धरत नाही म्हणाला. पोत्यांनी माती निघाली! ओढ्यात नेऊन टाकली."

सयामा मटकन खाली बसल्या. तोंडावर पदरासारखा उपरण्याचा शेव धरला आणि हुंदका दाबला.

"बघ, बघ, त्यांना भरून आलं," आई न्वे यीला म्हणाली. "नवी चित्रं काढून घेणार आहे हं सयामा, अशीच नाही ठेवणार. न्याँग ऊचा रंगारी येतोय. हिरवं, गुलाबी, सगळे रंग आहेत त्याच्याकडे."

न्वे यीच्या डोक्यात सणक गेली. ओरडावं, म्हातारीला दंडाला धरून गदागदा हलवावं, काय केलंस सांगावं! आठशे वर्षं टिकलेलं तू चार दिवसांत ओढ्यात टाकलंस! शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण आईचा चेहरा समोर होता. आणि न्वे यीला पुढचं सगळं लख्ख दिसलं. भगवंतांच्या जन्मांची चित्रं पत्र्याने खरवडली, हे कळलं की आईच्या लेखी ते महापाप होणार. या वयात, फेडायला दिवस न उरलेल्या वयात. पुण्य म्हणून गाठीला बांधलेली एकच वस्तू, आणि तीच उलटी होणार. म्हातारी त्या दिवसापासून जेवणार नाही.

न्वे यीने सयामांना हात देऊन उठवलं.

"चला बाहेर," आई म्हणाली. "घंटा तुझ्यासाठी ठेवलीय. तुझ्याशिवाय वाजवायची नाही म्हटलं होतं मी सान फेला."

दाराबाहेर दोन खांबांत घंटा टांगली होती. आईने दोन्ही हातांनी लाकडी दांडा उचलला आणि तीनदा ठोका दिला. आवाज वावरावरून पार पुढच्या स्तूपांपर्यंत गेला. मग ती जमिनीवर बसली, हात जोडले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका हो, देवांनो, माणसांनो, किड्यामुंग्यांनो! फ्वा टिनने देऊळ स्वच्छ केलंय. हे सगळं पुण्य मी माझ्या मालकांच्या, बो थीनच्या नावाने केलंय. चाळीस वर्षं ते ह्या भिंतींची राखण करत होते. ज्या जन्मात असतील तिथे त्यांना पोचू दे. ज्याला ऐकू येतंय त्याने आपला वाटा घ्या!"

आणि ती थांबली. आता ऐकणाऱ्यांनी साधू, म्हणजे छान झालं, असं म्हणायचं असतं. तीनदा साधू म्हटलं की ऐकणाऱ्यालाही त्या पुण्यातला वाटा मिळतो, देणाऱ्याचं काम पुरं होतं. पोरंटोरंसुद्धा म्हणतात, रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा म्हणतो.

सयामांनी मान खाली घातली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आईने वळून लेकीकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी, अगदी नीट. "काय गं?"

"साधू," न्वे यी म्हणाली. "साधू. साधू."

 आईने समाधानाने गुडघ्यांवर हात टेकले आणि ती उठली. सयामा मात्र न्वे यीकडे अशा बघत होत्या की तिने तोंड फिरवलं.

आई घोडागाडीकडे गेल्यावर सयामा दातओठ खात पुटपुटल्या, "साधू म्हणालीस तू? ह्याला?"

"मग काय म्हणू? मारून टाकू तिला?"

"तुझे वडील असते तर..."

"ते नाहीत ना! मी आहे. आणि ती आहे." न्वे यी तडकली. "गेली भिंत. आता म्हातारीपण घालवू?"

 भिंत गेली होती, आणि निदान एक माणूस तरी वाचलं होतं. न्वे यीने मनाची तशी समजूत घातली.

"चला गं लवकर!" गाडीतून आईने हाक मारली. "सान फे पलीकडच्या जोड-देवळापाशी खोळंबला असेल. चुना कालच भिजवलाय."

न्वे यीच्या हातातलं कुलूप खाली पडलं.

"कसला चुना?"

"जोड-देवळाचा! त्याची किल्ली सान फेकडेच नाही का? म्हणाला, मावशी, तुझं देऊळ असं झळकायला लागलं, माझ्या देवळाने काय पाप केलंय? गावातून वर्गणी निघालीय. तुझं साधू ऐकलं की मग कामाला हात घालायचा, असं ठरलंय आमचं."

जोड-देऊळ! त्याच्या चितारलेल्या भिंती तर ह्यांच्यापेक्षा मोठ्या. न्वे यीने घोड्याला असा चाबूक ओढला की बिचारं जनावर दचकलं. खाचखळग्यांतून गाडी उडत होती. आई एका हाताने अंबाडा आणि एका हाताने लेकीचा खांदा धरून ओरडत होती, "अगं, हळू! मला आजच पाठवतेस का वर?"

सान फे दारातच होता. लोखंडी पत्रा खांद्यावर, तोंडात चिरूट. "या मावशी, या! ताई, बघितलंस ना आपलं काम?"

"एक बोटभर तरी खरवडलंयस का?"

"आत्ताच शिडी लावली. का गं?"

न्वे यीने उत्तर दिलं नाही. गाडीतली बॅटरी घेतली, आईचा हात धरला आणि तिला आत अंधारात नेलं. सरळ प्रकाश टाकला तर भिंत नुसती काळपटच दिसते. तिने बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरली.

काजळीतून माणसं वर आली.

 "अगं बाई!" आई म्हणाली. एक आचारी कढईत उलथनं फिरवत होता आणि धुराने डोळे चोळत होता. दोन बाया एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. एक हत्ती सोंडेने पिल्लाला पुढे ढकलत होता. आई अगदी जवळ गेली, मग लांब झाली, मग पुन्हा जवळ गेली. तिला हसू आवरेना. "हा बघ, हा! अगदी आपला सान फे. आणि हिच्या भुवया बघ गं, केसाएवढ्या! सान फे, कुणी रे काढलं हे? केव्हा काढलं?"

"आठशे वर्षं झाली, आई," न्वे यी म्हणाली.

"आठशे." आई हसत होती. "आणि मला कुणी दाखवलं नाही. मी आपली मूर्तीपुढे बसायची, डोळे मिटायची. हे म्हणायचे, एकदा भिंत बघायला ये, आणि मी म्हणायची, गुळाची कढई कोण बघणार..."

ती बोलता बोलता थांबली.  दारात सयामा येऊन उभ्या राहिल्या होत्या. सान फेने चिरूट तोंडातून काढला होता.

"आपल्याकडे पण?" आईने विचारलं.

"नाही गं. आपल्याकडचं सगळं उडूनच गेलं होतं," न्वे यी झटकन म्हणाली. फारच झटकन म्हणाली.

आईने सयामांकडे पाहिलं. त्या बाईला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी नुसती मान खाली घातली.

"सान फे, तो पत्रा बाहेर नेऊन ठेव," आई म्हणाली. मग तिथेच, भिंतीपासून हातभर दूर, ती हळूहळू खाली बसली. तोंडावरचा सगळा थनखा एका क्षणात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"न्वे यी, मी त्यांना काय पाठवलं गं? घंटा वाजवून, नाव घेऊन... त्यांच्या नावावर हे काय टाकलं मी?"

न्वे यी तिच्या शेजारी बसली. बॅटरी तिने विझवली. "निम्मं माझ्या नावावर आहे, आई. मी साधू म्हटलंय."

"तुला ठाऊक होतं? तेव्हा?"

"हो."

"मग कशाला म्हटलंस गं, मूर्ख पोरी?" म्हातारी म्हणाली, आणि लेकीचं मनगट घट्ट धरून, अंधारात मोठ्याने रडायला लागली.