अठ्ठ्याण्णव व्होल्टची दुपार

जुना आहे मी, मित्रांनो, आणि अंगाने चांगलाच जड. राखाडी पत्र्याचा डबा, पोटात लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार, कपाळावर काट्याचा मीटर आणि दोन बाजूंना दोन जाड केबली. लोक मला स्टॅबिलायझर म्हणतात. चाकांवरच्या घरांना, म्हणजे घरगाड्यांना, मुक्कामाच्या तळावर मिळणाऱ्या विजेचा दाब घसरला की तो थोडा उचलून पुढे द्यायचा, हे माझे काम.

कमी दाबाने काय बिघडते, असे तुम्हाला वाटेल. पण मोटर मोठी हट्टी असते. दाब कमी मिळाला तरी ती काम सोडत नाही. ती जास्त वीज ओढते, तापते आणि शेवटी जळते. माझी तार गुंडाळणाऱ्या बाईला हे ठाऊक होते. शेवटचा वेढा घालून तिने मला थोपटले आणि म्हणाली, "जा, कोणाचा तरी एसी वाचव."

मला विकत घेतले टेक्सासच्या क्लोव्हिस हार्गेटने. तो शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता. त्याचा एक एसी असाच जळला होता आणि त्याची बायको नेटा जो त्याला म्हणाली होती, "आता एक तर तो डबा घे, नाही तर मला माहेरी सोड." मग मी आलो. खुंट्यापाशी, म्हणजे गाड्या जोडायच्या विजेच्या खांबापाशी, मी उन्हात बसायचो आणि आत नेटा जो गार हवेत पाय पसरून भरतकाम करायची. "माझा लाडका डबा," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझा काटा आनंदाने थरथरायचा.

सगळ्यांनाच मी आवडत होतो असे नाही. शेजारी रॉयस पेटिबोनची मोठी गाडी लागायची. मला बघितले की तो विचारायचा, "काय रे क्लोव्हिस, तुझा हा डबा आमच्या ताटातलं ओढून तुझ्या ताटात वाढतो की काय?"

"ताट एकच आहे रॉयस," क्लोव्हिस म्हणायचा, "आणि तुझे दोन एसी आधीच त्यात हात घालून बसलेत."

खरे सांगायचे तर रॉयसचे अगदीच चुकत नव्हते. मी वीज बनवत नाही. खुंट्यातून थोडी जास्त ओढतो आणि दाब वाढवून देतो. पुढे एका दुपारी हे मला फार नीट कळले.

दर ऑगस्टमध्ये आम्ही जायचो त्या नदीकाठच्या तळावर व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा मेळा भरायचा. निम्म्या लोकांना वाजवायला शिकवले होते ते मिस ओपलिन स्ट्रिकलँड यांनी. त्यांची ऐंशी वर्षे केव्हाच उलटली होती. त्या हिवाळ्यात फुप्फुसांनी दगा दिला आणि त्यांच्या नाकाला नळी लागली. नळीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायू देणारे, विजेवर चालणारे यंत्र. तरीही भाची डार्लाला घेऊन त्या आल्या आणि आमच्या पलीकडे उतरल्या.

मेळ्यातल्या स्पर्धेची दुपार भट्टीसारखी तापली. तळावरचा एकूण एक एसी सुरू झाला. नेटा जोने वर पाहिले. "क्लोव्हिस, दिवा बघ. पिवळा पडलाय."

माझा काटा अठ्ठ्याण्णव व्होल्टवर होता. आमच्या अमेरिकेत असायला हवे एकशे वीस. क्लोव्हिसने आपला एसी लगेच बंद केला. तेवढ्यात पलीकडून टीं-टीं असा आवाज आला आणि डार्ला धावत आली.

"यंत्र ओरडतंय, काका. दाब पुरत नाही म्हणून बंद पडेल. प्राणवायूची भरलेली टाकी आहे, पण ती शहरापर्यंतच पुरेल. मी मावशीला आत्ताच घेऊन जाते."

मिस ओपलिन दारातूनच बोलल्या. "वर्षभर एकेक श्वास जपला, तो काय शहरात जाऊन बसायला? मी वाजवायला आले आहे, डार्ला."

तळाच्या मालकाने वीजवाल्यांना फोन केला होता. ते उद्या येणार होते. क्लोव्हिस माझ्याकडे वळला.

"आधी खुंट्याचं बटण पाड," नेटा जो म्हणाली. "घाईत हात भाजून घेशील."

"पाडतोय गं, पाडतोय."

त्याने मला कवेत घेतले आणि मिस ओपलिन यांच्या खुंट्याशी नेऊन जोडले. मी सारे बळ लावले. अठ्ठ्याण्णवचे एकशे सात केले. यंत्र गप्प झाले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच खुंट्यातला दाब आणखी घसरला आणि पुन्हा टीं-टीं. माझे अंग तापले, तार गुणगुणू लागली. याहून जास्त माझ्या अंगी नव्हते. मी दहावा हिस्सा उचलतो, त्यापुढे नाही.

क्लोव्हिस रॉयसच्या दाराशी गेला. "तुझे एसी बंद कर."

"आत माझी कुत्री आहे. म्हातारी झालीय ती. शिजून मरेल."

"तिला नदीवर ने," मागून नेटा जो म्हणाली. "आणि तिच्याबरोबर तूही जाऊन बस पाण्यात. तुलाही गरज आहे."

रॉयसने पलीकडे पाहिले. मिस ओपलिन दारात बसल्या होत्या, मांडीवर व्हायोलिनची पेटी, ओठ निळसर. एके काळी त्यालाही त्यांनीच गज धरायला शिकवले होते. तो खांबाकडे गेला आणि त्याने खटका पाडला.

मित्रांनो, काटा हलला! सर्वांत आधी मला कळले. शंभर. मग एकशे एक. रॉयस आता घरोघर दारे ठोठावत निघाला होता. "बंद करा आणि नदीवर चला. मिस ओपलिनच्या यंत्राला वीज पुरत नाहीये." एक घरघर थांबली, मग दुसरी, मग ओळीच्या ओळी. एकशे चार. एकशे सहा. प्रत्येक खटक्यासरशी माझ्या तारेत नवे बळ येत होते. एकशे नऊ! त्यात मी माझी भर घातली आणि यंत्राला पुरे एकशे वीस दिले. टीं-टीं थांबली ती थांबलीच. डार्ला पायरीवर बसून रडली आणि हसली.

त्या दिवशी स्पर्धा मंडपात झालीच नाही. सगळे खुर्च्या आणि व्हायोलिने घेऊन गुडघाभर पाण्यात बसले. कलिंगडे फुटली, बर्फाचा चहा फिरला, आणि रॉयसच्या कुत्रीने पाण्यातून बाहेर यायला साफ नकार दिला. मिस ओपलिन आपल्या गाडीच्या सावलीत, नदीकडे तोंड करून बसल्या. त्यांनी गज टेकवला.

सूर आला तो थेट माझ्या पत्र्यात शिरला. पण अर्ध्यावरच त्यांचा श्वास संपला आणि गज थांबला. मग नदीत उभ्या रॉयसने ती ओळ तिथूनच उचलली. त्याच्या मागून दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. त्यांना श्वास मिळेपर्यंत नदीने गाणे धरून ठेवले आणि मग हळूच त्यांच्या हाती परत दिले. असे किती तरी वेळा झाले. गाणे एकदाही तुटले नाही.

पुढे तळावर नवी यंत्रणा आली. क्लोव्हिसच्या नव्या गाडीत दाब सांभाळणारे यंत्र आतच होते. मी त्याच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांखाली पडून राहिलो, केबलींच्या टोकांवर गंज चढला. मिस ओपलिन गेल्या, तेही मला कोणाच्या तरी बोलण्यातून कळले. विसरलेल्या वस्तूला बातम्या उशिरा पोचतात.

पण आज सकाळी शेडचे दार उघडले. डार्लाने एक छोटी गाडी घेतली आहे आणि तिला मी हवा होतो. क्लोव्हिसने गुडघे धरत खाली बसून माझी टोके घासून लख्ख केली, एक केबल बदलली. "ऊन, पाऊस आणि मुंग्या, तिन्हींपासून जप याला," तो म्हणाला. "गाडी जोडण्याआधी मीटर बघ. आणि काटा खाली दिसला तर नुसती याच्या भरवशावर बसू नकोस. शेजाऱ्याचं दार वाजव."

मित्रांनो, माझीही तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. आम्हा यंत्रांना पुसत जा, तपासत जा. आणि दिवा पिवळा पडला तर आपला एक खटका आधी पाडा. कोणास ठाऊक, पलीकडच्या भिंतीआड कोण श्वास जपत बसले असेल.

डार्लाने मला उचलून गाडीत ठेवले आहे. किल्ली फिरली. आम्ही निघालो!