अंगठ्याएवढा तामाल

मेक्सिकोतल्या मेहिकाली शहरात आमच्या घरी ‘पोट भरलं’ यावर कुणाचा विश्वास नव्हता. आई, एदुविहेस तिचं नाव, लगेच म्हणायची, “भरलं म्हणजे काय? कोपऱ्यात अजून दोन बसतील.” दोन म्हणजे तामाल. मक्याच्या पिठात मांस भरून, कणसाच्या पानात गुंडाळून उकडलेले, मनगटाएवढे जाड. बाबा आठ खायचे. मधुमेहाने आधी त्यांचा पाय नेला, मग त्यांना.

चाळिशीत माझीही शुगर चढली. वजन एकशे अठरा किलो, डाव्या पायाच्या बोटांना मुंग्या. मला बाबांसारखं जायचं नव्हतं, म्हणून जठराला पट्टा बसवून घेतला.

डॉक्टरीणबाई सासुएता यांनी फुग्यावर रबरबँड चढवून आईला समजावलं होतं. “वर लिंबाएवढा कप्पा राहतो. चार घासांत तो भरला की भूक शमते, आणि अन्न खाली हळूहळू उतरतं. कातडीखाली एक डबी असते. तिच्यात सुईने मिठाचं पाणी सोडलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. नीट चावायचं मात्र हिनेच.”

“म्हणजे माझ्या पोरीच्या पोटाला फास!” आई म्हणाली.

सहा जानेवारीला राजांच्या सणाचा गोल पाव कापला. त्यात बाहुली लपवलेली असते, आणि ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. मी बोटाएवढा तुकडा घेतला, आणि बाहुली नेमकी त्यातच!

“हिला खायचं काही नाही, खाऊ घालायचं मात्र सगळ्यांना!” माझा भाऊ फिदेन्सियो हसून हसून लोळला. मीही हसले. आई हसली नाही.

त्याच सुमारास ती रोज सकाळी माझ्यासाठी चाम्पुर्रादो करू लागली. मक्याचं पीठ, चॉकलेट आणि भरपूर गूळ घातलेली दाट पेज. “घे गं, हे काय जेवण आहे? पाणीच तर आहे.” मी पेले रिचवत होते. महिन्याच्या शेवटी काट्यावर उभी राहिले, तर दोन किलो वाढलेले.

“पितेस काय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, पातळ पदार्थ पट्ट्यातून सरळ खाली जातात! कितीही आवळला तरी उपयोग शून्य.”

घरी येऊन मी आईवर तोंड सोडलं. “बाबांनाही असंच भरवून भरवून मारलंस!”

तिने एप्रन काढून खुंटीला लावला आणि खोलीत गेली. ते शब्द मला आजही टोचतात.

दोन फेब्रुवारीला मात्र पहाटेपासून तिचं पातेलं चढलेलं. पाहुणे जमले. सगळ्यांच्या ताटात मनगटाएवढे तामाल, आणि माझ्यापुढे बशीत एकच, अंगठ्याएवढा, पानाच्या चिंधीने बांधलेला. एवढ्या मोठ्या हातांनी तिने तो कसा वळला असेल कोण जाणे.

“वीस वेळा चावायचं. मी मोजते,” ती म्हणाली आणि खरंच मोठ्याने मोजू लागली. फिदेन्सियोने तोंड उघडलं, तिने डोळे वटारले, त्याने त्यात तामाल कोंबला. वीस झाल्यावर म्हणाली, “हं, जाऊ दे आता खाली.”

त्यानंतर नऊ वर्षं तिने दर फेब्रुवारीला माझा तामाल वेगळा वळला, वेगळा मोजला. माझे चाळीस किलो उतरले. पाय दोन्ही जागेवर आहेत.

आई दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गेली. गेल्या वर्षी पट्टा सरकला, म्हणून तोही काढून टाकला. यंदा तामाल मीच केले.

“आता खा की मोठा,” फिदेन्सियो म्हणाला, “तुला अडवणारं काय आहे?”

मी अंगठ्याएवढाच घेतला. चावत मनात मोजत राहिले. वीस झाले, एकवीस झाले, तरी घास तोंडातच. खाली जाऊ दे म्हणणारं कुणी नव्हतं.