साडेसातशे वॅटचं भूत

शेवटी महाराजांचे पुढचे दोन दात पडले, ताईच्या डाव्या तळहातावर कायमचा डाग राहिला आणि लग्नाचा व्हिडिओ वेळेत तयार झाला. आता हे सगळं विसरा. त्या दिवशी स्टुडिओत हजर असलेल्या प्रत्येकाने ‘काही घडलंच नाही’ असं एकमुखाने ठरवलेलं आहे, आणि आपण एकट्यानेच काहीतरी घडल्यासारखं वागणं बरं दिसत नाही. तेव्हा काहीच घडलेलं नाही, असं धरून सांगतो.

तर, काहीही घडलेलं नसताना, काकांच्या फोटो स्टुडिओत सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक काउंटरवर चढले होते, फ्लॅशच्या छत्र्यांना लोंबकळत होते. पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर महाराज बसले होते आणि त्यांच्या मागे धबधब्याचा पडदा होता, त्यामुळे ते स्वतःचाच फोटो वाटत होते. हे महाराज माणसांचं बघत नसत. यंत्रांतली भुतं काढणं, एवढाच त्यांचा धंदा.

“बाळांनो,” महाराज म्हणाले, “यंत्रालाही नाडी असते! पृथ्वी, आप, तेज, वायू, वायफाय! पंचमहाभूतं! त्यातलं एक बिघडलं की भूत शिरलंच!”

“वाहवा!” गर्दी म्हणाली. गर्दीला वायफायपर्यंतचं सगळं पटलं होतं.

भूत शिरलं होतं ते ताईच्या कॉम्प्युटरमध्ये. माझी ताई काकांच्या स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जोडते. महिन्याभरापूर्वी काकांनी तिला नवं ग्राफिक्स कार्ड आणून दिलं. हे म्हणजे चित्रांची सगळी ओझी उचलणारा हमाल. हमाल आल्यापासून एकच व्हायचं. ताईने तुकडे जोडून ‘आता अख्खी फिल्म बनव’ असा हुकूम दिला, की थोड्या वेळात ठप! पडदा काळा, पंखे बंद, जणू कोणी गळाच आवळला.

काका त्याच कॉम्प्युटरवर बिलं करत, फोटो बघत. तेव्हा तो बंद पडत नसे. यावरून काकांनी जो निष्कर्ष काढला, तो काढायला माणूस काकाच असावा लागतो.

“माझ्या हाताने बंद पडत नाही, तुझ्याच हाताने पडतं. म्हणजे खोट हातात आहे.”

“काका, कार्ड बदललं तसा पॉवर सप्लायही नीट बघून घ्यायला हवा होता,” ताई तेव्हाच म्हणाली होती. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या एकेका भागाला वाढणारी पत्र्याची डबी. हमाल दांडगा आणायचा, तर त्याला जेवू घालणारी बाईही तेवढीच खमकी लागते.

“बघूनच घेतलाय! साडेसातशे वॅट लिहिलंय वर. आणि वजन? उचलून बघ, मनगट लचकेल!”

इथे काकांचा स्वभाव सांगायला हवा. काका कुठलीही वस्तू हातात तोलून घेतात. कलिंगड, कुलूप, शब्दकोश. मी जन्मलो तेव्हाही त्यांनी मला तोललं आणि ‘ठीक आहे’ म्हणून परत दिलं. दुकानदाराने दोन डब्या दाखवल्या होत्या, एक नावाजलेली पण हलकी, दुसरी बिननावाची पण दगडासारखी जड. काकांनी जड उचलली. हाताला जड लागलं की माल चोख, हा आमच्या घराण्याचा एकमेव सिद्धांत.

महाराजांनी डोळे मिटून कॉम्प्युटरवर हात ठेवला. त्यांच्या चेल्याने बजावलं, “महाराजांचा हात आहे तोवर यंत्राला कामाला जुंपायचं नाही. नुसते फोटो बघायचे!”

फोटो बघितले. एक, दोन, पन्नास. कॉम्प्युटर मांजरासारखा गुरगुरत राहिला. टाळ्या! मग महाराजांनी हात काढला, ताईला बसवलं आणि म्हणाले, “आता बनव फिल्म.”

ठप.

“पाहिलंत?” महाराज गरजले. “हिच्या हातात छाया आहे!”

“मग काढा ना ती!” ज्यांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म अडकली होती, ते वधूपिता ओरडले. “संध्याकाळी हॉलवर पाहुण्यांना व्हिडिओ दाखवायचाय! काय दाखवू, काळा पडदा?”

“महाराज, अहो फक्त डबी बदलून…” ताई बोलू लागली आणि काकांनी तिच्या कानाखाली जाळ काढला. त्यांनी याआधी कधी ताईवर हात उगारला नव्हता. क्षणभर त्यांनी आपला तळवा असा पाहिला, की जणू तोही तोलून घ्यायचा राहिला होता.

“डाग द्यावा लागेल,” महाराज म्हणाले. “दोन्ही हातांना.”

भूत आधुनिक असल्यामुळे सळई चालणार नव्हती. चेल्याने पिशवीतून सोल्डरिंग गन काढली आणि प्लगला लावली. हीच जिने शिसं वितळवून तारा जोडतात ती. टोक तापलं तशी धुराची बारीक रेघ निघाली. दोघांनी ताईचे दंड धरले. ती किंचाळली नाही, फक्त म्हणाली, “हात नको. माझं पोट हातांवर आहे.”

मी चेल्याच्या मनगटाला चावलो. कोणीतरी मला ट्रायपॉडने हाणलं. ट्रायपॉडला तीन पाय असतात, मला दोनच लागले. मी काउंटरखाली पडलो, नाकातून रक्त गळत होतं, आणि वरून चर्र असा आवाज आला. तव्यावर पाणी पडावं तसा. मग ताई किंचाळली. त्यावर विनोद करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, जमलेला नाही.

तेवढ्यात शेजारच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आत घुसल्या. “माझ्याकडे अक्कलदाढ काढतानाही कोणी एवढं ओरडत नाही! काय चाललंय?” त्यांनी आधी गनचा प्लग उपटला, मग ताईचा भाजलेला हात बाटलीतल्या गार पाण्याखाली धरला. चेला आडवा आला तेव्हा त्यांनी त्याचा जबडा असा पकडला की त्याचं तोंड आपोआप उघडलं. “दोन किडलेत,” त्या म्हणाल्या. “बस खाली.”

चेला बसला.

“डॉक्टर, तुम्ही यात पडू नका,” काका म्हणाले. “भुताचं प्रकरण आहे.”

“असेल. पण तपासल्याशिवाय मी दातही काढत नाही आणि तुम्ही माणसं जाळताय! रोग पोरीच्या हातात आहे ना? मग हात बदलून बघू. फिल्मचा हुकूम आता चेला देईल.”

चेल्याने बटण दाबलं. ठप.

“वधूपिते, तुम्ही.”

ठप.

“महाराज, आता तुम्ही. एक हात यंत्रावर ठेवा आणि दुसऱ्याने बटण दाबा.”

“मी… कामाला हात लावत नसतो,” महाराज म्हणाले. पण गर्दीला आता चव लागली होती. “दाबा की महाराज!” “घाबरता काय?” महाराजांनी दाबलं. कॉम्प्युटर बऱ्यापैकी वेळ चालला, महाराज हसायला लागले, आणि ठप.

महाराज पक्के गडी. “छाया पसरली!” ते ओरडले. “जो जो शिवला, त्याला त्याला लागली!”

“छान,” बाई म्हणाल्या. “म्हणजे डाग सगळ्यांनाच. गन पुन्हा तापवू. वधूपिते, दोन्ही तळवे पुढे करा.”

स्टुडिओत असलेले सगळे हात खिशांत गेले. ज्यांना खिसे नव्हते त्यांनी पाठीमागे नेले. दुसऱ्याच्या हातातलं भूत किती खरं असतं आणि आपल्या हातातलं किती खोटं, हे मी तेव्हा मोजून पाहिलं.

“बाई, तुमच्या एक्स-रेच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय थोडा वेळ द्याल?” ताईने विचारलं.

बाईंनी दिला. ती डबी नावाजलेली आणि हलकी होती. ताईने ती टेबलावर ठेवून जोडली. उजवा हात तिचा, डावा माझा. माझ्या नाकातलं रक्त कार्डावर पडू नये म्हणून मी मान वर करून तारा खोचत होतो. मग ताई वधूपित्यांना म्हणाली, “तुम्हीच दाबा. नाहीतर पुन्हा माझा हात म्हणाल.”

वधूपित्यांनी डोळे मिटून दाबलं. पंखे वाढले, घोंघावले. टक्के चढत गेले. नवरीने हार घातला, पाहुणे हसले, फिल्म पुरी झाली. कोणी ठप झालं नाही.

“फोटो बघताना कार्ड स्वस्थ बसतं,” ताई म्हणाली, “त्याला वीज लागते चिमूटभर. फिल्म बनवायला घेतली की ते बकाबका मागतं, मध्येच एकदम दुप्पटही मागतं. तेवढं देता आलं नाही की डबी मान टाकते. महाराजांचा हात असताना काम करायचं नाही, हीच त्यांची सगळी विद्या. याआधी त्यांनी जी जी यंत्रं बरी केली, ती नुसती रिकामी बसवलेली होती.”

“पण साडेसातशे लिहिलंय!” काका किंचाळले. त्यांनी जुनी डबी उचलून तोलली. “जड आहे ही! जड आहे!” आणि त्यांनी ती फरशीवर आपटली. पत्रा फाटला. आतून मूठभर तारा निघाल्या आणि मागोमाग सिमेंटचा एक गोळा गडगडत महाराजांच्या पायाशी गेला. वजन त्याचं होतं.

मग गर्दीने जे केलं तेही चांगलं नव्हतं. वधूपित्यांचा ठोसा महाराजांच्या तोंडावर बसला, धबधबा फाटला, चेला पडद्याच्या दांड्याखाली सापडला. मघाशी ताईचे दंड धरणारे दोघे आता महाराजांचे दंड धरून होते. त्यांना बहुधा दंडच धरता येतात.

ताई मध्ये शिरली. “सोडा त्याला! मारून माझ्या हातातलं भूत निघालं का? मग मारून याच्या डोक्यात अक्कल कशी शिरेल? पोलिसांना बोलवा.”

पोलीस म्हटल्यावर गर्दी विरघळली. ताईला कोणी ‘चुकलं’ म्हटलं नाही. वधूपित्यांनी तेवढं विचारलं, “पेन ड्राइव्हमध्ये देता ना?”

वाचकहो, यंत्र बंद पडलं तर ते काय मागतं आणि त्याला काय मिळतं, याची बेरीज करा. बेरीज जमत नसेल तर ज्याला येते त्याला विचारा. छापलेल्या आकड्यावर, हाताला लागणाऱ्या वजनावर आणि मिटलेल्या डोळ्यांवर जाऊ नका. आणि कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून ‘खोट हिच्यात आहे’ म्हणाला, तर आधी दुसऱ्या हाताने तेच बटण दाबून बघा. एवढ्याने एक तळहात वाचतो.

सबब, भूत, पिशाच्च, छाया व तत्सम विभागाच्या सक्षम अधिकाऱ्यांस नम्र विनंती की, आपल्या अखत्यारीतील कोणत्याही छायेची कोणाच्याही अंगात बदली करण्यापूर्वी, सदर छाया किती वॅट खाते याचा दाखला संबंधित इसमास आगाऊ देण्यात यावा. तसेच प्रस्तुत प्रकरणी छाया नव्हतीच हे सिद्ध झालेले असल्याने, अर्जदाराच्या बहिणीचा डावा तळहात मूळ स्थितीत, विनाविलंब, परत करण्यात यावा.