रहिवासी शून्य

काउंटीचं पत्रक दर मंगळवारी यायचं. कुठला पूल दुरुस्तीला काढला, कुत्र्यांना लस कधी, कचऱ्याचं मैदान किती वाजता उघडणार. लोक त्याने शेगडी पेटवायचे. आर्डिस ह्रुस्का मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. त्या मंगळवारी सहाव्या कलमात लिहिलं होतं: 'रस्ता क्रमांक एकेचाळीस, लांबी दोन मैल. रहिवासी शून्य. सदर रस्ता काउंटीच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. हरकत असल्यास पुढील मंगळवारी सकाळी नऊ वाजता सभागृहात हजर राहावे.'

त्या दोन मैलांच्या टोकाला एकच घर होतं, आणि त्याच घरात ती आत्ता कॉफी पीत बसली होती.

"लीलंड, ऐकलंस का? आपण शून्य आहोत म्हणे."

तिचा धाकटा भाऊ नाकात नळी घालून खिडकीशी बसला होता. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारातली धूळ खाल्ली, आता ऑक्सिजनच्या सिलिंडरवर दिवस ढकलत होता.

"तू असशील शून्य," तो थांबत थांबत म्हणाला. "मी अर्धा तरी आहे."

दोघं हसले. पण सिलिंडरची गाडी दर गुरुवारी त्याच रस्त्याने यायची. रस्ता गेला की गाडी गेली, आणि गाडी गेली की लीलंड गेला.

तिने रस्ते खात्यात फोन लावला. तिथला मुकादम वेंडेल शाळेत तिच्याच वर्गात होता.

"अगं, मोजणीची एक पद्धत असते," तो म्हणाला. "गाडीत बसून फिरायचं आणि टपालाच्या पेट्या मोजायच्या. पेट्या तितकी घरं. एकेचाळीसवर पेटीच नाही."

"पेटी हमरस्त्यावर आहे, मेल्या! टपालवाला चिखलात यायला कुरकुर करत होता, म्हणून तुझ्याच खात्याने तिकडे हलवायला लावली!"

"हो का? मग ती हमरस्त्यात मोजली असेल."

"आणि माझं घर?"

"घरं कोण मोजतं, आर्डिस?" पलीकडे जरा वेळ नुसती खरखर आली. मग वेंडेलचा आवाज एकदम परका, गोड झाला. "कोण बोलतंय आपण?"

"अरे, आर्डिस! रस्ता एकेचाळीस!"

"तिथे कोणी राहत नाही, बाई," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

गुरुवारी ती पिकअप घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहिली. सिलिंडरची गाडी आली. ड्रायव्हर उतरला, रस्त्याकडे बघत डोकं खाजवू लागला. तिने त्याची बाही धरली. माशी बसावी तशी त्याने ती झटकली आणि गाडी वळवून निघून गेला. हमरस्त्याने ओळखीच्या गाड्या जात होत्या. समोरून कोणी आलं की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, मग तो जन्माचा वैरी का असेना, हा त्या मुलखाचा रिवाज. त्या दुपारी तिच्यासाठी एकही बोट उचललं गेलं नाही.

मंगळवारी नऊच्या आधीच ती सभागृहात हजर. बोलणाऱ्यांच्या कागदावर तिने आपलं नाव कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलं.

"एकेचाळीसबद्दल कोणाला बोलायचंय?" अध्यक्ष मायलो स्टँगलंडने विचारलं.

"मला!"

टिपणं घेणाऱ्या डार्लाने मान वर न करताच तीन मिनिटांचं घड्याळ चालू केलं. आर्डिसने पेटीचं सांगितलं, भावाचं सांगितलं. पाचही सदस्य खिडकीकडे बघत होते. "मायलो, तुझा बाप बर्फात रुतला तेव्हा आमच्याच ट्रॅक्टरने ओढून काढला ना? तेव्हा बरे आम्ही शून्य नव्हतो!"

घड्याळ वाजलं.

"कोणाचीच हरकत नाही," मायलो म्हणाला. "मंजूर."

पाच हात वर झाले. माणूस मारायला कोणी बंदूक शोधत बसू नये, तेवढे हात पुरतात.

"मग घड्याळ कोणासाठी लावलंस गं, सटवे?" आर्डिस डार्लाच्या टेबलावर ओणवली. डार्लाच्या अंगावर काटा आला. तिने स्वेटर घट्ट ओढून घेतला, घड्याळाकडे एकदा बघितलं आणि ते खणात टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा सिलिंडर संपत आला. आर्डिसने लीलंडला पिकअपमध्ये घालून गावच्या दवाखान्यात आणलं. खिडकीत लॉरेटा नर्स होती.

"पत्ता?" तिने नुसत्या हवेला विचारावं तसं विचारलं.

"रस्ता एकेचाळीस." लॉरेटाची नजर तिच्यातून आरपार गेली. आर्डिसने पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी तिने दात आवळले. "बारा, मेन स्ट्रीट." धडधडीत खोटं.

"अगं बाई, आर्डिस! होतीस कुठे इतके दिवस?"

"माझं सोड. आधी याला बघ."

"कोणाला?"

"लीलंड, पत्ता सांग. बारा, मेन स्ट्रीट. एवढंच बोल."

त्याचे ओठ निळे पडले होते. "माझं घर... एकेचाळीसवर आहे."

"गाढवा, एकदा खोटं बोललास तर काय जीव जाईल का?"

"आपणच तसं म्हणावं... हेच तर हवंय त्यांना."

लॉरेटाने शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, मग फार काळजीने आर्डिसकडे. "बस हं तू. धाप लागलीय तुला."

"मग मलाच दे सिलिंडर," आर्डिस म्हणाली.

दोन मिळाले. पिकअपमध्ये तिने त्याला नळी लावली. आता तिलाही तो नीट दिसेना; नाक कुठे आहे ते बोटांनी चाचपावं लागलं.

फाटा यायच्या जागी फाटा नव्हता. आभाळापर्यंत नुसतं गवत.

"वळ," शेजारून आवाज आला.

"कुठे वळू? इथे काही नाही रे."

"आहे. वळ."

तिने मान फिरवली. सीटवर सिलिंडर होता, आणि त्याची नळी तोंडाच्या उंचीवर, हवेत, श्वासागणिक हलत होती.

तिने स्टिअरिंग फिरवलं. गवत पिकअपच्या पोटाला घासू लागलं.

"थोडं डावीकडे घे, खड्डा आहे," आवाज म्हणाला. तिने डोळे मिटून घेतले, आणि तो सांगेल तशी गाडी नेत राहिली.