बाकड्याच्या टोकाची जागा

बेसबॉलच्या मैदानाच्या कुंपणापलीकडे, पत्र्याच्या सावलीत, एक लांब बाकडं होतं. तिथं बसून बदली पिचर, म्हणजे बॉल टाकणारे गडी, आपल्या बोलावण्याची वाट बघत. उजव्या टोकाची जागा डेलमर हचिन्सची, गेली अकरा वर्षं. सातवा डाव लागला की त्याच्या शेजारची दोन माणसांची जागा आपोआप रिकामी व्हायची आणि कुणी त्याच्याशी चकार शब्द बोलायचं नाही.

नियम त्यानंच घातला होता, तेविसाव्या वर्षी, कुणावर तरी खेकसून. तेव्हा अंगात मस्ती होती, आणि ती शोभायचीही. आठ डाव जपून टाकलेले बॉल खेळून बॅटरची नजर त्याच वेगाला सरावलेली असायची. नवव्यात, शेवटच्या डावात, हा ताज्या खांद्याचा गडी यायचा. याला काही राखून ठेवायचं नसायचं. तीन जण बाद केले की सुट्टी. ताशी अठ्ठ्याण्णव मैलांनी बॉल सुटायचा आणि बॅट फिरेपर्यंत बॅटरच्या मागं बसलेल्या गड्याच्या हातमोज्यात शिरलेला असायचा.

पण त्या रिकाम्या जागेनं माणूस आतून पोखरून काढला होता. बायको सोडून गेली, मुलगी तिच्याकडे. घरी बोलायला भिंती, आणि इथं आठ जणांत बसून तोंडाला कुलूप. कुणीतरी आपल्याशी बोलावं असं त्याला फार वाटायचं. आपणच लावलेलं कुलूप आपण कसं काढायचं, म्हणून गप्प बसायचा. शिवाय ती रिकामी जागा म्हणजे नववा डाव टाकणाऱ्याचा मानही होता.

यंदा त्याचा वेग त्र्याण्णववर आला होता. टोबायस रेनर नावाचा नवा पिचर एकशे एकनं टाकत होता. नववा डाव हातचा गेला तर पुढच्या मोसमात डेलमरला कुणी विचारणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या रविवारी दुपारी संघ एका रननं पुढं होता. आठवा डाव अर्ध्यावर आलेला. जाडजूड ऑस्ट्रो उठला आणि सरळ डेलमरला खेटून बसला. सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढं केली.

"घे रे. काय म्हणते तुझी पोरगी?"

डेलमर बघतच राहिला. मग त्याला इतका आनंद झाला की शब्द एकमेकांवर आदळायला लागले. "मेबेल? अरे, काय विचारतोस! तोंड मिटेल तर शपथ. परवा फोनवर म्हणते, बाबा, तुमचं काम दहाच मिनिटांचं, मग घरी का येत नाही?"

"खरंय की तिचं! फुकटचं खातोस लेका," ऑस्ट्रो म्हणाला. "कितवीत आता?"

हसता हसता डेलमरची नजर बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथं टोबायस बसला होता, मान खाली घालून. त्याच्या शेजारी दोन माणसांची जागा रिकामी होती.

म्हणजे डेलमर सोडून सगळ्यांना सकाळीच सांगितलेलं होतं तर.

भिंतीवरचा बोलावण्याचा फोन वाजला. प्रशिक्षक वेंडेलनं तो घेतला आणि डेलमरकडे न बघता म्हणाला, "टोबी, हात मोकळा कर. नववा तुझा."

टोबायसनं तिघांना उडवलं. शेवटच्या बॅटरनं बॅट फिरवली तेव्हा बॉल येऊनही गेला होता. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. कुंपणाचं दार उघडून सगळे त्याला गाठायला धावले.

"चल ना, डेल!" ऑस्ट्रो पळता पळता ओरडला.

बाकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं झालं. डेलमरच्या मुठीत बिया तशाच होत्या.

"चौथीत," तो म्हणाला.